उतारावर न्यूट्रल

त्या वर्षी तात्या दिवसभर घरीच असायचे. ड्रायव्हर माणूस घरात बसून राहिला की घराचं काय होतं, ते ज्यानं पाहिलं नाही त्याला सांगून कळायचं नाही. तात्या म्हणजे माझे वडील. कन्हेरीतल्या एका बागायतदाराच्या ट्रॅक्टरवर त्यांनी बारा हंगाम ऊस वाहिला, मागं दोन-दोन ट्रॉल्या लावून. हंगामात ते घरी यायचे ते जेवायला आणि पाठ टेकायला. अंगाला पाचटाचा आणि डिझेलचा वास, कानात इंजिनाचा आवाज भरलेला, त्यामुळं घरातसुद्धा ओरडूनच बोलायचे. आणि आता तेच तात्या डावा गुडघा प्लॅस्टरमध्ये घालून पत्र्याखालच्या बाजेवर पडले होते आणि हळू बोलत होते. त्या हळू बोलण्याचीच आम्हाला भीती वाटायची. आई सकाळी सातच्या जीपनं बारामतीला जायची, एमआयडीसीच्या अंगाला एका बंगल्यात धुणीभांडी करायची आणि चारला परत यायची. सकाळी भाकरी आणि ठेचा, संध्याकाळी भाकरी आणि हुलग्याचं माडगं. बंगल्यातल्या बाई कधी उरलेला पुलाव डब्यात घालून द्यायच्या. तात्या त्याला हात लावायचे नाहीत. "मला न्हाय भूक," म्हणून भिंतीकडं तोंड करायचे. मग आईलाही भूक नसायची. तो पुलाव मी आणि माझा थोरला भाऊ खायचो, आणि तो चवीला फार चांगला लागायचा, हे मी लपवणार नाही.

तात्यांचा पाय मोडला ती गोष्ट संक्रांतीच्या आधीची. कालव्याच्या पुलावरून उतार लागतो, आणि उतार संपता संपता रस्ता कारखान्याकडं वळतो. त्या वळणात तात्यांच्या दोन्ही ट्रॉल्या उलटल्या. ट्रॅक्टर आडवा झाला आणि त्यांचा गुडघा खाली सापडला. दुसरं कोणी सापडलं नाही, हे नशीब. लोक धावत आले तेव्हा तात्या एवढंच म्हणाले, "ब्रेक लागलाच न्हाय." एवढं एक वाक्य. त्याच्या दोन दिवस आधी ट्रॅक्टरचे ब्रेक रघू मिस्त्रींनी केले होते. मिस्त्रींचं गॅरेज म्हणजे चौकातल्या लिंबाखाली चार पत्रे आणि एक लोखंडी पेटी, पण गावातल्या प्रत्येक ट्रॅक्टरला त्यांचाच हात लागायचा. मालकानं त्यांना त्याच लिंबाखाली, चारचौघांत, आईबहिणीवरून शिव्या दिल्या. मिस्त्री म्हणत राहिले, "मालक, म्या सोता चालवून बगितलाय. ब्रेक चोख हुता." कोण ऐकतंय? महिन्याभरात त्यांच्याकडं कोणी साधा नट आवळायला जाईना. शेवटी त्यांनी पेटी उचलली आणि बायको-पोरीला घेऊन इंदापूरला गेले. त्यांची पोरगी मंदा बारावीला माझ्याच बाकावर बसायची. परीक्षा महिन्यावर आली होती. जायच्या दिवशी तिनं माझी अर्थशास्त्राची वही परत दिली आणि माझ्याकडं बघितलं नाही. मला राग आला. हिच्या बापानं माझ्या बापाचा पाय मोडला आणि तोंड हीच फिरवती, असं वाटलं. घरी येऊन मी ती वही फडक्यानं पुसली. वही स्वच्छच होती.

उन्हाळ्यात आईनं बंगल्यातून तांदळाच्या रिकाम्या पोत्यात घालून एक डबा आणला. बाईंचा मुलगा शिकायला परदेशी गेला होता, त्याची खोली आवरताना निघालेला. भंगारात घालण्यापेक्षा पोरांना न्या, म्हणाल्या होत्या. आईला तो टेप वाटला. माझा भाऊ दत्तू, त्याला मी दादा म्हणायचे, त्यानं पोत्यात डोकावून उडीच मारली. "आई, ह्यो गेम हाय! टीव्हीला लावायचा असतूय!"

"गाणी लागत्यात का त्याच्यावर?"

"न्हाय."

"मग जीपमधी मांडीवर घिऊन कशापायी आले म्या?"

दादा दहावीला दोनदा बसून तिसऱ्यांदा बसायचा नाही असं ठरवून दूध डेअरीत कॅन धुवायला लागला होता. त्याचं काम सकाळीच संपायचं. टीव्ही तात्यांनी बऱ्या दिवसांत घेतलेला होता, रंगीत. आई तो विकायचं म्हणत होती, गिऱ्हाईक मिळत नव्हतं. त्या टीव्हीला दादानं दुपारी वायरी जोडल्या. डब्याबरोबर चकती एकच होती, मोटारींच्या शर्यतीची. तसले गेम तेव्हा बारामतीच्या एका दुकानात तासावर खेळायला मिळायचे, पण त्यात गाडी भिंतीला आपटली तरी चेंडूसारखी परत रस्त्यावर यायची. ह्यातली गाडी तशी नव्हती. टायर झिजायचे. पेट्रोल संपायचं. जोरात आपटली की चाक निखळून गाडी तिथंच बसायची. रस्ते खऱ्या देशांतले, गाड्या खऱ्या कंपन्यांच्या, ड्रायव्हर खरे, त्यांच्या हेल्मेटचे रंगसुद्धा खरे. सोबत एक इंग्रजी पुस्तिका होती. ती दादाला वाचता येईना म्हणून मी डिक्शनरी घेऊन बसले. बी.ए.ला पुढं मी इंग्रजीतली जाड पुस्तकं वाचली, पण इंग्रजी छापील कागदाची भीती गेली ती त्या पुस्तिकेनं. शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत लिहिलं होतं की ह्या सगळ्या कंपन्यांची आणि ड्रायव्हरांची नावं त्यांच्या परवानगीनं वापरली आहेत. ते मी मोठ्यानं मराठीत सांगितलं.

बाजेवरून आवाज आला. "नाव वापराय परवानगी घ्यावी लागती व्हय?"

"घ्यावीच लागती की, तात्या," दादा म्हणाला. "न्हायतर केस हुती."

तात्यांनी भिंतीकडं तोंड फिरवलं. तेव्हा मला त्यात काही वाटलं नव्हतं.

आता मी इंदापुरात राहते. कचेरीतून घरी आले की पाय टेबलावर ठेवून पाच मिनिटं नुसती बसते. पन्नाशी जवळ आली, पायाला सूज येते. माझ्या मुलाकडं असाच गेम आहे, नवा, खरं स्टिअरिंग आणि पायाखाली खरे पेडल असलेला. तो म्हणतो, "आई, तू कधीच का खेळत नाहीस? तुला येतं म्हणे." मी म्हणते, दमले रे. ते खोटं नाही, पण पूर्ण खरंही नाही. त्याला हे सगळं सांगायला बसावं लागेल, आणि सांगायला जेवढं बळ लागतं तेवढं रोज उरत नाही. म्हणून एकदाच लिहून ठेवते.

तर आम्ही दोघं खेळायचो आणि प्रत्येक वळणावर गाडी भिंगरीसारखी फिरायची. दादा चिडायचा, रिमोटला शिव्या द्यायचा. तिसऱ्या का चौथ्या दिवशी बाजेवरून एकदम मोठा आवाज आला, हंगामातला आवाज: "आरं वळणात ब्रेक कशाला मारतूस, गाढवा!"

आम्ही दोघं मागं वळून बघत राहिलो. चार महिन्यांनी तात्या ओरडले होते.

"मंग कुठं मारू?"

"वळणाच्या आधी. सरळ रस्त्यावर. वळणात शिरताना गाडी आपल्या हातात पायजे, पायात न्हवं. वळणात ब्रेक दाबलास की मागची ट्रॉली ढकलती."

"तात्या, हिला ट्रॉली न्हाय. शर्यतीची गाडी हाय ती."

"गाडीला मागलं अंग असतंय का न्हाय? तीच तिची ट्रॉली."

दादानं तसं करून बघितलं आणि पहिल्यांदा एक पूर्ण फेरी न फिरता झाली. आठवड्याभरानं तात्या स्वतःच बाजेवरून उठून पोत्यावर येऊन बसले. प्लॅस्टर तेव्हा निघालं होतं, पण डॉक्टरांनी सांगितलेला गुडघ्याचा व्यायाम ते करत नव्हते, काय उपयोग म्हणायचे. रिमोटची बटणं त्यांच्या अंगठ्याखाली दिसायचीच नाहीत. गियर आपोआप पडायची सोय होती, ती त्यांनी पहिल्या दिवशीच बंद करायला लावली. "आपोआप म्हंजी गाडी तुला चालवती, तू गाडीला न्हाय." गियर बदलताना त्यांचा डावा पाय जमिनीवर दाबला जायचा, तिथं नसलेला क्लच दाबायला. ब्रेकला उजवा. दिवसाला शे-दोनशे वेळा. आईनं एकदा तांदूळ निवडता निवडता ते बघितलं आणि मला कोपरानं ढोसलं. "बग, वाकतोय गुडगा." जो व्यायाम डॉक्टरला जमला नाही तो त्या डब्यानं करून घेतला. दर शर्यतीत पुढं राहणारा एक पांढऱ्या हेल्मेटचा ड्रायव्हर होता, त्याला तात्या पाव्हणा म्हणायचे. "आज पाव्हण्याला उसाच्या फडात घालतो," म्हणायचे. दोन वाजता वीज यायची, त्याच्या आधीच ते पोत्यावर बसलेले असायचे. घरात परत आवाज आला होता. आईसुद्धा भाकरी थापताना विचारायची, "गेला का पाव्हणा फडात?"

त्याच दिवसांत माझा बारावीचा निकाल लागला आणि मालकाचा निरोप आला. दसऱ्याला नवा ट्रॅक्टर येतोय, तो ज्ञानबालाच द्यायचा. चूक त्याची नव्हती, पाय मोडून घेतला बिचाऱ्यानं, असं मालक म्हणाला. ज्ञानदेव हे तात्यांचं नाव. त्या निरोपाच्या भरवशावर मी बारामतीच्या कॉलेजात नाव घातलं. दिवाळीपर्यंत आई ओढणार होती, पुढं तात्यांचा पगार सुरू होणार होता. हे सगळं इतकं सरळ ठरलं होतं की मी शेजारच्या काकूंना सांगूनसुद्धा टाकलं की मी आता पदवी घेणार. आमच्या घराण्यात माझा आजा मेंढरांमागं फिरला, तात्या चौथी नापास. पदवी हा शब्द आमच्या घरात कोणी उच्चारलाच नव्हता.

श्रावणातला रविवार होता, आई घरीच होती. दादानं गाडी हलकी व्हावी म्हणून शर्यतीला पेट्रोल कमी भरलं होतं. तात्या तिसऱ्या नंबरवर होते, दोन फेऱ्या राहिल्या होत्या, आणि पेट्रोलचा काटा तांबडा झाला. रस्ता जंगलातल्या डोंगराचा होता. लांब उतार, खाली उजवीकडं वळण. "पुरायचं न्हाय पेट्रोल," दादा म्हणाला. तात्या म्हणाले, "पुरवतो की." त्या गेममध्ये न्यूट्रलचं एक वेगळं बटण होतं, तात्यांनी ते पहिल्याच आठवड्यात विचारून घेतलं होतं. मला आठवतं, उतार लागला तसं त्यांनी ते दाबलं. डावा पाय जमिनीवर दाबून, सरावाच्या माणसासारखा सैल सोडला. इंजिनाचा आवाज पडला. गाडी नुसती घरंगळायला लागली, वाऱ्याचा आवाज तेवढा. "आता बग कसं वाचतंय," तात्या म्हणाले. पण गाडीचा वेग कमी व्हायचा तो वाढतच गेला. धरायला इंजिनच नव्हतं. वळण अंगावर आलं आणि तात्यांनी, ज्यांनी आम्हाला दोन महिने शिकवलं होतं त्या तात्यांनी, ऐन वळणात ब्रेक दाबला. उजवा पाय जमिनीत घुसेल असा. गाडीचं मागलं अंग पुढं आलं, दोन गिरक्या घेऊन ती कठड्यावर आडवी झाली.

दादा पोट धरून हसला. "तात्या, शर्यतीत कुणी डिझेल वाचवतंय का!" आई पण हसली. तात्यांनी रिमोट हळूच खाली ठेवला.  ते उठून बाजेवर गेले आणि भिंतीकडं तोंड करून झोपले. माझं हसू तोंडातल्या तोंडात राहिलं, कारण माझं लक्ष टीव्हीकडं नव्हतं, त्यांच्या पायाकडं होतं.

उतारावर गियर काढून गाडी सोडायची खोड आमच्याकडच्या सगळ्या ड्रायव्हरांना होती. मालक खेपेला मापून डिझेल द्यायचा, आणि जो कमी जाळेल त्याला चारचौघांत शाबासकी. कालव्याचा पूल चढला की खाली कारखान्याच्या वळणापर्यंत इंजिन न ओढता जाता येतं, हे सगळ्यांना माहीत होतं. रिकाम्या ट्रॉल्यांना ते चालून जातं. भरलेल्या दोन ट्रॉल्या मागं असताना ते करायचं नसतं, हेही सगळ्यांना माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी तात्या मागच्या दारी धुण्याच्या दगडावर बसून दात घासत होते. आई जीपनं गेली होती, दादा डेअरीत. मी पाणी शेंदून आणलं आणि हंडा खाली ठेवता ठेवता विचारलं, "तात्या, पुलावर तुमी न्यूट्रलला हुता का?"

त्यांनी चूळ भरली. बराच वेळ ती तोंडातच ठेवली.

"व्हय," म्हणाले.

"आन् ब्रेक?"

"लागला. चोख लागला. लागला म्हणूनच उलटलो. रघूनं लईच चांगला ब्रेक केलता." मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "तुला कसं कळलं?"

"तुमचा पाय बगितला."

ते थोडं हसल्यासारखं करून म्हणाले, "पडल्या पडल्या तोंडातनं निगून गेलं, पोरी. लोक इचारत हुते काय झालं, काय झालं. पाय ट्रॅक्टरखाली. गेलं निगून. मग मालक रघूवर घसरला, तवा सांगायचं हुतं. तवा दवाखान्यात हुतो. मग घरी आलो, तवर रघू गेलता. आता काय करू? तू शिकलीयास. तूच सांग."

तेव्हा मी जे बोलले ते आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही. मी म्हणाले, "दसरा झाल्यावर बगू."

दसऱ्याला ट्रॅक्टर येणार होता. दसरा झाल्यावर म्हणजे किल्ली हातात आल्यावर, पगार सुरू झाल्यावर, माझी फी भरल्यावर. हे तात्यांना कळलं. मला कळलं की त्यांना कळलं. ते "बरं" म्हणाले आणि उठले. मी सतरा-अठरा वर्षांची होते, असं म्हणून लोक अशा गोष्टी सोडून देतात. मी सोडत नाही. रोज सकाळी एस.टी.तून कॉलेजला जाताना तो पूल लागायचा आणि मी वहीत तोंड घालायचे, त्याच पुसलेल्या वहीत.

तात्या परत गेमला शिवले नाहीत. दादा म्हणायचा, "पाव्हणा वाट बगतूय," तरी नाही. डब्यावर आईनं जुन्या लुगड्याचं फडकं टाकलं. घर परत गप्प झालं, आणि आईला कारण कळेना. दसऱ्याला आठवडा उरला असेल, तेव्हा तात्या सकाळी धुवून ठेवलेला सदरा घालून माझ्यासमोर उभे राहिले. "आज कालेज बुडव. इंदापूरला जायचंय. पाट्या वाचाय चल."

मी पिशवी घेतली. चप्पल घातली.

इंदापूरच्या स्टँडवर उतरून आम्ही हायवेला आलो आणि पाट्या वाचत, विचारत, काठी टेकत दीड-दोन किलोमीटर चाललो. एकामागं एक ट्रक, अंगावर धूळ. एका ढाब्याच्या बाजूला टायरांची चळत होती, तिथं मंदा घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब बुडवून बुडबुडे बघत बसली होती. हात कोपरापर्यंत काळे. तिनं आम्हाला बघितलं आणि आतल्या बाजूला हाक मारली, "आबा, कन्हेरीचं आलेत."

मिस्त्री हात पुसत बाहेर आले. ट्रॅक्टरचं इंजिन पूर्ण खोलणारा माणूस, पंक्चर काढत होता. तात्यांच्या पायाकडं बघून आधी म्हणाले, "बरा हाय का पाय? मंदे, पाणी दे त्यास्नी." तात्यांनी पाणी घेतलं नाही. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. न्यूट्रल, वळण, ब्रेक. शेवटी म्हणाले, "रघू, पोरांच्या एका गेमात बाहेरदेशीच्या माणसांची नावं वापरल्यात. ती वापराय बी त्यांनी परवानगी मागितली म्हणं. म्या तुजं नाव न इचारता वापरलं."

मिस्त्री फडक्यानं परत एकेक बोट पुसत राहिले. एक ट्रक हॉर्न वाजवत गेला. मग म्हणाले, "तात्या, ही गोष्ट हितं सांगून काय उपेग? हितं मला कोण शिव्या देतंय?"

"मंग?"

"जितं शिव्या बसल्या तितं सांग. लिंबाखाली, खंडेनवमीला."

मी मंदाजवळ उभी होते. काय बोलावं ते सुचेना म्हणून विचारलं, "परीक्षा देणार का, मार्चला?" ती ट्यूब फिरवत राहिली. "कुठली आता. ह्येच्यात कुणाला येळ हाय." मग म्हणाली, "तुझं कालेज सुरू झालं?" मी हो म्हणाले. "मग बस की टायरवर. उबी का?" मी बसले. पिशवीत ती वही होती. द्यायला आणली होती. ती मी तशीच परत नेली, कारण जिची परीक्षाच बुडाली तिला ती देणं म्हणजे काय ते मला तिथं बसल्यावर कळलं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आमच्या गावात ट्रॅक्टर धुऊन लिंबाखाली ओळीनं लावतात. झेंडूच्या माळा, बॉनेटवर हळदकुंकू, पुढं नट आवळायचे पाने, जॅक, कोयते मांडलेले. पहिला नारळ मिस्त्रीनं फोडायचा, मग मालकांनी, मग ड्रायव्हरांनी. कारण विचारलं तर जुने लोक सांगायचे, ड्रायव्हरचा जीव ज्याच्या हातात असतो त्याचा मान आधी. त्या वर्षी नारळ फोडायला मिस्त्रीच नव्हता, आणि मालकानं तो मान तात्यांना द्यायचं ठरवलं होतं. नवा ट्रॅक्टर मध्ये उभा होता, सीटवरचं प्लॅस्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. आई नवं लुगडं नेसून बायकांत उभी होती. मालकानं किल्ली पुढं केली.

"किल्ली नगं, मालक," तात्या म्हणाले, त्यांच्या हंगामातल्या आवाजात. "त्या दिवशी ब्रेक लागलता. म्या भरल्या ट्रॉल्या न्यूट्रलला सोडल्या हुत्या. चूक माजी. रघू मिस्त्रीची न्हवं."

कोणीतरी हसलं. मग कोणी हसेना. मालकाचा चेहरा लाल झाला. "वरीसभर त्या गरिबाला..." असं काहीतरी तो बोलायला लागला, आणि मध्येच गप्प झाला, कारण शिव्या त्यानंच दिल्या होत्या आणि डिझेल वाचवणाऱ्याला शाबासकीही तोच द्यायचा. मागून किसनआबा म्हणून सगळ्यात म्हातारे ड्रायव्हर होते, ते म्हणाले, "न्यूट्रल समदीच मारत्यात, मालक. म्या बी मारलीय. ह्यो बोलला, एवढंच." दुसरा एक जण म्हणाला, "आता बोलून काय, रघूचं गेलेलं परत मिळतंय व्हय?" तेही बरोबरच होतं. मिस्त्री आले होते. ढकलत आणलेल्या सायकलीसारखे स्वतःला ढकलत ते लिंबाच्या पलीकडं उभे होते. किसनआबांनी नारळ उचलून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो फोडला, पाणी नव्या ट्रॅक्टरच्या चाकावर शिंपडलं आणि पुढच्या गाडीनं इंदापूरला गेले. गावात परत आले नाहीत. मंदाची बारावी राहिली ती राहिलीच. तात्यांनी खरं सांगितल्यानं त्यातलं काही भरून आलं नाही, आणि आलं असं मी लिहिणार नाही.

आई आमच्या पुढं पुढं घरी चालत गेली. घरी पोचल्यावर चुलीपुढं बसून म्हणाली, "मला आधी सांगायचं हुतं. त्या माणसाच्या बायकूसमोर म्या नळावर पदर झटकून गेलीय." बराच वेळ रडली. मग उठून तिनं तात्यांना ताट वाढलं. आदल्या दिवशी बंगल्यातून आणलेला पुलाव होता, तोही ताटात वाढला. तात्यांनी तो खाल्ला.

तो ट्रॅक्टर दुसऱ्याला मिळाला. तात्या दोन वर्षं मिळेल ती मजुरी करत राहिले आणि नंतर दादाच्या डेअरीतल्या दुधाच्या टेम्पोवर लागले. शेवटपर्यंत कालव्याच्या पुलावरून ते तिसऱ्या गियरमध्ये उतरायचे, मागच्या गाड्या हॉर्न वाजवत राहिल्या तरी. मी सकाळी कॉलेज आणि दुपारी बारामतीत एका झेरॉक्सच्या दुकानात उभी राहायचे. उभं राहून राहून तेव्हाच पाय सुजायला लागले. तो गेमचा डबा पुढं एका उन्हाळ्यात बंद पडला आणि दादानं तो भंगारात घातला.

अर्थशास्त्र घेऊन मी बी.ए. झाले, दुसऱ्या वर्गात. आमच्या घराण्यातली पहिली. प्रमाणपत्र आणलं त्या दिवशी तात्यांनी ते हातात घेतलं, उलटंसुलटं बघितलं आणि म्हणाले, "वाच." मी वाचलं. माझं नाव, मधे त्यांचं, मग आडनाव. "मदलं परत वाच," म्हणाले. मी परत वाचलं, मोठ्यानं, दार उघडं ठेवून: शोभा ज्ञानदेव.